‘ए’पासून सुरू होणारा नंबर

मोबाइलमध्ये पाच-सहाशे नंबर, चार सोसायट्यांच्या वॉचमनशी ओळख आणि जिभेवर साखर, एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रात घरांची दलाली वर्षानुवर्षं चालली. बिल्डरला वेसण घालणारा कायदा १९६३ पासून होता, मोफा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. पण घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाची त्यात दखल नव्हती. ती घेतली २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने. १ मे २०१७ला तो पूर्णपणे लागू झाला आणि नोंदलेल्या प्रकल्पातलं घर, दुकान किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटालाही नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे ही नोंदणी महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण, करतं, आणि एजंटाला मिळणारा नंबर ‘ए’ने सुरू होतो; प्रकल्पाचा ‘पी’ने.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फॉर्म कुठे भरायचा आणि खर्च किती? फॉर्म भरणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. आजवर तोंडी चाललेला व्यवहार यापुढे कागदावर करायचा आहे, ही खरी अडचण. जुन्या मुरलेल्या एजंटांना ती जास्त जाचते. नवख्याला उलट सोपी जावी, कारण त्याला काही विसरायचं नसतं.

आधी, नोंदणी लागते कोणाला? कायद्यातली एजंटाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. सौदा जुळवणारा तर त्यात आहेच, पण कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची नुसती गाठ घालून देऊन त्याबद्दल मोबदला घेणाराही आहे. ब्रोकर म्हणा, प्रॉपर्टी डीलर म्हणा, बिल्डरसाठी ग्राहक आणणारा चॅनल पार्टनर म्हणा, नावाने फरक पडत नाही. ‘मी फक्त लीड पाठवतो, सौदा दुसरा करतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लीडचे, म्हणजे संभाव्य ग्राहकाचं नाव-नंबर पुरवण्याचे, पैसे घेत असाल तर तुम्ही व्याख्येत बसलात.

उलट बाजूने, कलम ९चा सगळा रोख नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीवर आहे. केवळ भाड्याची घरं लावून देणारा त्यात येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळून वर्षं लोटलेल्या, महारेराकडे कधी नोंदलाच न गेलेल्या इमारतीतला जुना फ्लॅट विकून देणाराही येत नाही. म्हणून ‘आपण रेंटलवाले, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणत अनेक जण बिनधास्त असतात. मग एखाद्या भाडेकरूला घर घ्यावंसं वाटतं, शेजारच्या नव्या टॉवरच्या साइटवर त्याला नेलं जातं, बुकिंग होतं, आणि ब्रोकरेजचं बिल लावताना बिल्डरचं ऑफिस नंबर मागतं. तिथे गाडी अडते. नंबर नसलेल्याला पैसे देणं बिल्डरलाही परवडत नाही. मग ते बिल दुसऱ्या कोणाच्या नंबरवर काढलं जातं आणि दोघंही अडकतात. नंबर ही उसनी द्यायची वस्तू नाही. प्रत्येक व्यवहारात तो ज्याचा आहे त्याच्याच नावाने लागतो.

ग्रामीण भागात याहून मोठा सापळा आहे, तो प्लॉटिंगचा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. आता एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठे झाले की आकडा ५०५ च्या पुढे गेला, आणि नोंदणीशिवाय प्लॉट पाडून विकण्याची सवलत संपली. ‘छोटंसं प्लॉटिंग आहे, वीसच गुंठ्यांचं’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. वीस गुंठे त्या मर्यादेच्या चौपट आहेत. अशा ठिकाणी मालकाने प्रकल्प नोंदवलेला नसेल तर तुमच्याकडे स्वतःचा नंबर असूनही तिथला प्लॉट विकता येत नाही. कलम १० मध्ये एजंटाचं पहिलं कर्तव्यच ते आहे: नोंदणी हवी असताना ती नसलेल्या प्रकल्पात हात घालायचा नाही. सामायिक सातबाऱ्यावरचे गुंठे आणि त्यावर मारलेली चुन्याची रेघ दिसली की नवख्याने तिथून परत फिरावं.

आता क्रम. १० जानेवारी २०२३च्या आदेशाने महारेराने एजंटांना सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. त्याआधी पैसे आणि कागद दिले की नंबर मिळत असे. आता आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर नोंदणीचा अर्ज. प्रशिक्षण वीस तासांचं. ते बांधकाम आणि एजंटांच्या संघटना, तसंच अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्था घेतात. परीक्षा संगणकावर असते आणि ती बँकांच्या भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस घेते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. ज्यांच्याकडे जुना नंबर होता त्यांनाही हे प्रमाणपत्र घेऊन संकेतस्थळावर चढवायला सांगितलं होतं, मुदतही वाढवून दिली होती. तरी २०२४च्या सुरुवातीला सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. त्यांतल्या कित्येकांना परीक्षा अवघड गेली नसती, ते बसलेच नाहीत.

परीक्षेचा बाऊ करण्यासारखं काही नाही, पण वीस तास मागच्या बाकावर काढले तर आकडे एकमेकांत मिसळतात. दहा टक्के हे करार नोंदवण्याआधी बिल्डरला घेता येणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा. सत्तर टक्के म्हणजे ग्राहकांकडून आलेल्या पैशातला, जमीन आणि बांधकामासाठीच वेगळ्या खात्यात ठेवायचा हिस्सा. मंजूर आराखडा बदलायला दोन तृतीयांश ग्राहकांची संमती. एक्कावन्न टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटी. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. हे पाठ करून उपयोग थोडा, ‘का’ कळलं तर कायमचं लक्षात राहतं. उदाहरणार्थ, दहा टक्क्यांची मर्यादा अशासाठी, की नोंदलेला करार हातात येण्याआधी ग्राहकाचा जीव टोकनमध्ये अडकू नये. हे समजलेला एजंट ‘आत्ता पंचवीस टक्के भरा, रेट लॉक करतो’ असं कधी म्हणणार नाही.

प्रमाणपत्र आलं की काहींना वाटतं, काम झालं. नाही झालं. प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे, आणि दोन्हींच्या मधल्या काळात केलेलं बुकिंग हे विनानोंदणीचंच.

अर्ज संकेतस्थळावर भरायचा. नियमांनुसार शुल्क व्यक्तीला दहा हजार रुपये आणि भागीदारी, एलएलपी, कंपनी वगैरेंना एक लाख रुपये, नोंदणीची मुदत पाच वर्षं. या दहापट फरकामुळे बहुतेक जण व्यक्ती म्हणून नोंदतात, आणि एकट्याने काम करणाऱ्यासाठी तेच योग्य आहे. मित्राबरोबर भागीदारीचा विचार असेल तर तो फॉर्मच्या आधी पक्का करावा. आज व्यक्ती म्हणून नंबर घेतला आणि सहा महिन्यांनी फर्म काढली, तर फर्मला स्वतःची नोंदणी लागते. तुमचा नंबर फर्मच्या लेटरहेडवर छापून चालत नाही.

कागद फार लागत नाहीत. पॅन, फोटो, व्यवसायाच्या जागेचा पत्त्याचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, आणि विवरणपत्र भरायची वेळच आली नसेल तर तसं घोषणापत्र. नुकतंच शिक्षण संपवून आलेल्यांना या तीन वर्षांच्या अटीची उगाच धास्ती वाटते; घोषणापत्राची सोय त्यांच्यासाठीच आहे. चालू असलेल्या दिवाणी किंवा फौजदारी खटल्यांची माहिती द्यावी लागते. फर्म किंवा कंपनी असेल तर भागीदारी करार किंवा कंपनीची घटना-नियमावली.

यांतला एक कागद मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. तुम्ही वापरणार असलेलं लेटरहेड, रबरी शिक्क्याचा ठसा आणि पोचपावतीचा नमुना, हे सगळं अर्जासोबत जोडायचं असतं. बहुतेक जण घाईघाईने झेरॉक्सवाल्याकडून एक लेटरहेड टाइप करून घेतात, शिक्का ऑनलाइन बनवतात आणि पावतीच्या जागी कोरा कागद चढवतात. वास्तविक महारेरा इथे विचारतंय की तुम्ही ग्राहकाला लिहून काय देणार. पोचपावती नीट आखा: तारीख, ग्राहकाचं नाव, प्रकल्पाचं नाव आणि ‘पी’ नंबर, कोणती कागदपत्रं दाखवली किंवा दिली, कोणती घेतली, खाली सही. एजंटाचा नंबर लिहायला वर जागा मोकळी सोडा. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती सगळी माहिती आणि कागद मिळवून देणं हे कलम १०ने एजंटावरच टाकलेलं काम आहे, आणि ते केल्याचा पुरावा म्हणून पुढे ही पावतीच कामी येते.

अर्ज अडतो तो क्षुल्लक कारणांनी. पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे, आधारवर नाही. व्यवसायाची जागा भाड्याची, पण जोडलेला भाडेकरार संपून चार महिने झालेले. लाइट बिल घरमालकाच्या नावावर आणि त्याचं संमतिपत्र नाही. स्कॅन इतका फिकट की शिक्का वाचता येत नाही. पण सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच: फॉर्म भरून देणाऱ्या माणसाचाच मोबाइल आणि ईमेल खात्याला जोडलेला. ओटीपी त्याच्याकडे, त्रुटीची सूचना त्याच्याकडे, पाच वर्षांनी नूतनीकरणाची आठवणही त्याच्याकडे. तोवर त्याने दुकान बंद केलेलं असतं. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण मोबाइल, ईमेल आणि पासवर्ड स्वतःचा हवा.

अर्ज परिपूर्ण असेल तर प्राधिकरणाने तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्रुटी किंवा नकार यांपैकी काहीच त्या मुदतीत कळवलं नाही तर नोंदणी झाली असं मानायची तरतूद कायद्यात आहे. तिच्या भरवशावर कामाला लागू नये, कारण हातात नंबर नसेल तर बिल्डर दारात उभं करत नाही. त्रुटी निघाली की त्याच दिवशी उत्तर द्या.

नंबर आला की तो व्यवसायाच्या जागी ठळक दिसेल असा लावायचा, लेटरहेडवर, जाहिरातीत, व्हिजिटिंग कार्डवर घालायचा. प्रत्येक विक्रीत तो नमूद करायचा. प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘पी’ नंबर, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. तो नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि रील याही जाहिरातीच आहेत, कारण कायद्याने माध्यमावर बंधन घातलेलं नाही. बिल्डरने पाठवलेल्या फोटोवर स्वतःचं नाव आणि मोबाइल चिकटवताना क्यूआर कोडचा कोपरा कापला जातो, हे रोज दिसणारं दृश्य.

इथून पुढे खरं कसब लागतं ते प्रकल्पाचं पान वाचायला. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाचं पान सर्वांना खुलं आहे आणि तरी ते न उघडता साइट व्हिजिटा करणारे एजंट खोऱ्याने आहेत. आधी पूर्णत्वाची तारीख पाहा: मूळ काय होती, वाढवून किती झाली. ती उलटून गेली असेल आणि मुदतवाढ नसेल, किंवा नोंदणी स्थगित दिसत असेल, तर तिथे विक्री करायची नाही. मग मंजूर मजले पाहा. फलकावर बावीस मजल्यांचं चित्र असतं, पानावर मंजूर चौदाच असतात. उरलेले आठ टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) किंवा वाढीव एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी) आल्यावर चढणार असतात. मुंबईत तर बांधकाम सुरू करायचा परवाना बऱ्याचदा आधी जोत्यापर्यंतच मिळतो आणि टप्प्याटप्प्याने वर सरकतो. अशा वेळी अठराव्या मजल्याचा फ्लॅट ‘व्ह्यू’ सांगून विकणं म्हणजे नसलेल्या मंजुरीची ग्वाही देणं. बिल्डरकडे नसलेली परवानगी आहे असं सांगणं ही कलम १० मधली थेट नाव घेऊन सांगितलेली अनुचित प्रथा आहे.

त्याच पानावर जमिनीच्या मालकीचा वकिलांचा अहवाल, बोजा, चालू खटले आणि तिमाही प्रगती असते. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले एकमेकांशी ताडून बघायची सवय लावावी. काम तीस टक्के आणि खर्च साठ टक्के दिसत असेल तर पैसा कुठे गेला हा प्रश्न ग्राहकाच्या आधी एजंटाला पडायला हवा.

कार्पेटच्या बाबतीत अजून सर्रास गफलत चालते. कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, त्या घरापुरती असलेली बाल्कनी आणि गच्ची वगळून उरलेलं वापरता येण्याजोगं क्षेत्र, आतल्या भिंती मात्र धरायच्या. करारात हा आकडा चौरस मीटरमध्ये असतो, बोलण्यात चौरस फुटांत. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४५.८ चौरस फूट. एजंट सहज ‘साडेसहाशे’ म्हणतो. चौरस फुटाला बारा हजारांचा भाव असेल तर त्या चार फुटांची किंमत पन्नास हजारांच्या घरात जाते. त्यात बाल्कनी मिसळून ‘सातशे युजेबल’ म्हटलं की फरक लाखांत जातो. आकडा नेहमी चौरस मीटरमध्ये, कागदावरून वाचून सांगावा आणि बाल्कनी वेगळी सांगावी. थोडं रुक्ष वाटतं, पण चालतं.

चुकलं तर काय, याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. कलम ९ किंवा १० मोडलं तर कलम ६२ खाली चूक चालू राहील तितके दिवस रोज दहा हजार रुपये दंड, आणि एकूण रक्कम त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर पाच टक्के म्हणजे चार लाख; रोजच्या दहा हजारांनी ती मर्यादा चाळीस दिवसांत गाठली जाते. त्याच फ्लॅटवर दोन टक्क्यांनी ब्रोकरेज एक लाख साठ हजार. शिवाय खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल किंवा अटी मोडल्या असतील तर नोंदणीच रद्द होऊ शकते.

पैशांचे व्यवहार आणखी दोन ठिकाणी सांभाळावे लागतात. टोकन स्वतःच्या खात्यात किंवा गूगल पेवर घेऊ नये. ग्राहकाचा चेक प्रकल्पाच्या महारेराकडे नोंदवलेल्या खात्याच्या नावानेच काढवावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख इसार घेतला तर प्राप्तिकर कायद्याखाली घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या कानावरच नसते. वर्षाला वीस लाख किंवा जास्त उलाढाल असलेल्या रिअल इस्टेट एजंटांना केंद्र सरकारने डिसेंबर २०२०च्या अधिसूचनेने मनी लाँडरिंग विरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं आहे. त्या पातळीला पोहोचलात की ग्राहकाची ओळख पटवणं आणि व्यवहाराच्या नोंदी जपणं तुमच्याही माथी आलं.

वीस लाखांच्या त्याच रेषेपलीकडे जीएसटीची नोंदणीही येते आणि ब्रोकरेजवर अठरा टक्के कर लावावा लागतो: एक लाख साठ हजारांवर अठ्ठावीस हजार आठशे. टीडीएस मात्र त्याआधीपासूनच कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर दोन टक्के आहे, म्हणजे त्याच बिलावर तीन हजार दोनशे. पॅन चुकीचा दिला असेल तर वीस टक्के कापून जातात, आणि ते परत मिळवायला विवरणपत्र भरून वाट बघत बसावं लागतं.

हे बिल बुकिंगच्या दिवशी मिळत नाही, हे नवख्याला कोणीतरी आधी सांगायला हवं. करार नोंदवला जाऊन ग्राहकाची किंवा बँकेची ठरलेली रक्कम आली की मगच बिल्डर ब्रोकरेज मोकळं करतो. मधे बुकिंग रद्द झालं तर दिलेलंही वळतं करून घेतो. म्हणून बिल्डरशी चॅनल पार्टनरचा करार करताना चार कलमं वाचून घ्यावीत: दर किती, तो मूळ किमतीवर की एकूण किमतीवर, पैसे कोणत्या टप्प्याला, आणि एकदा नोंदवलेला ग्राहक किती दिवस तुमच्या नावावर राहणार. शेवटच्या कलमावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. तुम्ही साइट दाखवलेला ग्राहक मुदत संपल्यावर दुसऱ्या एजंटाबरोबर किंवा थेट सेल्स ऑफिसात जातो, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. साइट व्हिजिटच्या दिवशीच ग्राहकाच्या नावाची नोंद ईमेलने करून पोच घ्या. दरमहा घरखर्च चालवायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांची तजवीज वेगळी ठेवा.

आणि पाच वर्षांची तारीख नंबर मिळाल्याच दिवशी लिहून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आत, हाताशी वेळ ठेवून करायचा असतो. मधे पत्ता किंवा फोन बदलला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. मुदत संपल्यावर केलेलं बुकिंग विनानोंदणीचंच धरलं जातं, मग मागची पाच वर्षं कितीही स्वच्छ असोत.